पाण्याची वाट

ऑस्ट्रेलिया खंडाचा नकाशा समोर घेतला असतां शहरें, बंदरें व आगगाडीचे फांटे हीं बहुतेक सर्व कडेकडेनें वसलेलीं दिसतात आणि मधला अफाट प्रदेश जवळजवळ कोरा राहतो. ह्या मधल्या मुलुखास तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. घराच्या मागल्या दारापलीकडचा मुलूख, असा कांहींसा त्या शब्दाचा ध्वनि आहे. तिकडील हिवाळ्यांत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, हजारों हौशी प्रवासी मोटारीवर तंबू, पाण्याचे डबे व तेलाचीं पिंपें लादून ह्या मुलुखांत शिरतात, रात्रीं वाळूवर अंथरूण पसरतात, पत्र्याच्या डब्यांत चहा उकळतात आणि आठ-पंधरा दिवस एकहि गांव न लागतां प्रवास करून परत येतात. ह्या हौसेचें आतां एक लहानसें शास्त्रच बनलें आहे. माणशीं रोज पाणी किती न्यावें, गाडी बिघडल्यास ती सोडून कां जाऊं नये, कोणत्या महिन्यांत कोणती वाट बंद असते, हें सर्व सांगणारीं पुस्तकें आहेत. त्याच पुस्तकांतून वाटांचा इतिहासहि थोडक्यांत दिलेला असतो: ही वाट अमक्या साहेबानें शोधली, ती तमक्यानें आंखली. हा जो थोडक्यांत दिलेला इतिहास, त्यानेंच आमचें समाधान होत नाहीं.

कारण वाट म्हणजे काय? आपल्याकडे घाटवाट म्हटली म्हणजे डोंगराची खिंड डोळ्यांपुढें येते. ह्या सपाट मुलुखांत खिंड नाहीं आणि नदी आहे ती वर्षांतून बहुतेक काळ कोरडी. तेथें वाट म्हणजे पाण्याच्या ठिकाणांची एक माळ. दोन मण्यांमधलें अंतर माणसाच्या किंवा जनावराच्या तहानेहून मोठें झालें कीं माळ तुटली. आणि हें पाणी परक्यास दिसत नाहीं. कोठें खडकांतील टांकें, त्यावर केरकचरा पडूं नये म्हणून झांकलेला धोंडा. कोठें वाळूखालीं दोन हात खणल्यावर पाझरणारा ओलावा. हीं ठिकाणें ज्यांस ठाऊक होतीं ते लोक त्या खंडांत निदान पन्नास हजार वर्षें राहत आले आहेत. म्हणून आउटबॅकमधल्या प्रवासाचा व मुक्कामाचा इतिहास लिहावयाचा तर तो पाहुण्यानें यजमानास पाणी कसें विचारलें, ह्याचाच इतिहास होतो. कोणी विचारलें नाहीं, कोणी फार उशिरां विचारलें आणि कोणी यजमानाच्या गळ्यांत सांखळी घालून विचारलें.

न विचारणाऱ्यांत पहिलें नांव रॉबर्ट ओहारा बर्क ह्याचें घ्यावें लागतें. ता. २० ऑगस्ट १८६० रोजीं मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून त्याची स्वारी निघाली, तेव्हां पाहावयास सारें शहर लोटलें होतें. खंडाच्या दक्षिण किनाऱ्यापासून उत्तरेच्या कार्पेंटेरिया आखातापर्यंत पोंचणें हा उद्देश. बर्क मूळचा आयर्लंडचा, हुद्द्यानें पोलीस सुपरिंटेंडेंट. जंगलांत वाट काढण्याचा अनुभव त्यास मुळींच नव्हता. बरोबर एकोणीस माणसें, तेवीस घोडे, सव्वीस उंट, कित्येक गाड्या आणि दोन वर्षांची शिधासामुग्री. सामानांत ओक लांकडाचें टेबल व खुर्च्या होत्या, चिनी घंटा होती, आणि उंटांसाठीं म्हणून साठ गॅलन रम होती! ह्या लटांबरास मेनिंडीपर्यंत पोंचण्यास जवळजवळ दोन महिने लागले. टपालाची गाडी तेंच अंतर आठवड्याहून थोड्या अधिक काळांत तोडीत असे.

त्या उंटांकडे आमच्या वाचकांनीं अंमळ लक्ष द्यावें. त्यांपैकीं बहुतेक जॉर्ज लँडेल्स नांवाच्या गृहस्थानें हिंदुस्थानांत खरेदी करून कराची बंदरांतून जहाजावर चढविले होते. आणि कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांत होती. उंटांबरोबर त्यांची निगा राखणारे आपल्या बाजूचे कांहीं लोकहि गेले. त्यांत साम्ला नांवाचा एक हिंदु होता. खारविलेलें गोमांस हाच शिधा असल्यामुळें त्याची उपासमार होऊं लागली आणि थोड्याच दिवसांत तो रजा घेऊन माघारी वळला. दोस्त महंमद नांवाचा दुसरा पुढें त्याच मुलुखांत राहिला. त्याची कबर मेनिंडीजवळ आहे. मोहिमेच्या इतिहासांत ह्या लोकांस दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळालेली नाहीं.

मेनिंडीस लँडेल्सचें बर्कशीं बिनसलें व तो सोडून गेला. बर्कनें मग निम्मी मंडळी तेथेंच ठेविली आणि आपण पुढें जाऊन नोव्हेंबरांत कूपर क्रीक ह्या ओढ्यावर तळ दिला. ओढा म्हटला तरी त्याचे डोह बारमाही. कांठीं कूलिबा जातीचे मोठाले वृक्ष, पाण्यांत मासे, झाडांवर पाखरें. एवढ्या रुक्ष प्रदेशांत ह्याहून चांगली मुक्कामाची जागा मिळणें कठीण. आणि म्हणूनच ती रिकामी नव्हती. यांद्रुवांधा नांवाच्या लोकांचा तो पिढ्यान् पिढ्यांचा मुलूख होता.

येथें विल्यम ब्राहे ह्याच्या हातीं तळ सोंपवून, ता. १६ डिसेंबर रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, बर्क तिघांसह उत्तरेस निघाला: भूमापनाचें काम करणारा तरुण विल्स, पूर्वीं हिंदुस्थानांत शिपाईगिरी केलेला जॉन किंग, आणि ग्रे नांवाचा खलाशी. बरोबर सहा उंट, एक घोडा व तीन महिन्यांचें अन्न. फेब्रुवारींत ते आखाताजवळ पोंचले. भरती-ओहोटीचें खारें पाणी दिसलें, पण तिवरांच्या दलदलीमुळें समुद्राचें दर्शन झालें नाहीं. परतीच्या वाटेवर एकामागून एक जनावरें मारून खावीं लागलीं. ता. १७ एप्रिल रोजीं ग्रे मेला. त्यास पुरण्यांत एक दिवस गेला. ता. २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळीं उरलेले तिघे कूपरच्या तळावर आले, तों तळ रिकामा! तीन महिन्यांऐवजीं चार महिन्यांहून अधिक वाट पाहून ब्राहे त्याच दिवशीं सकाळीं निघून गेला होता. कूलिबाच्या खोडावर ‘खणा’ अशा अर्थाचें अक्षर कोरून त्यानें खालीं पीठ, तांदूळ, साखर, ओटचें पीठ व सुकें मांस पुरून ठेविलें होतें. तिघे आले त्या रात्रीं ब्राहेचा मुक्काम अवघ्या १४ मैलांवर पडला होता.

हे नऊ तास इंग्रजी लेखकांनीं अजरामर करून ठेविले आहेत. ग्रेस पुरण्यांत तो एक दिवस गेला नसता तर, ब्राहे आणखी एक रात्र थांबता तर, ह्या ‘तर’वर पुस्तकेंच्या पुस्तकें लिहिलीं गेलीं. पुढें घडलें तें तर नाटकासहि शोभणार नाहीं इतकें विलक्षण आहे. तिघांनीं पुरलेलें अन्न उकरून खड्डा होता तसा बुजविला, आपलें पत्र आंत ठेविलें, पण झाडावरची खूण मात्र बदलली नाहीं. आणि मागच्या तुकडीस भेटून ब्राहे जेव्हां ता. ८ मे रोजीं तळ पाहण्यास परत आला, तेव्हां कांहीं बदल न दिसल्यामुळें तो न खणतांच माघारी गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस विल्स आपल्या वह्या पुरून ठेवण्यासाठीं तेथें आला. त्यासहि कोणी येऊन गेल्याची निशाणी दिसली नाहीं.

हें सर्व खरें. तरी नऊ तासांचा हा शोक आम्हांस अस्थानीं वाटतो. त्या दिवशीं तिघेहि जिवंत होते, त्यांस अन्न मिळालें होतें आणि ते पाण्याच्या कांठीं होते. बर्क व विल्स मेले ते त्यानंतर सुमारें दहा आठवड्यांनीं, त्याच पाण्याच्या कांठीं, भरल्या वस्तीच्या शेजारीं. त्या दहा आठवड्यांचा जाब ब्राहेच्या घड्याळाकडे मागण्यांत काय अर्थ?

बर्कनें दक्षिणेकडील १५० मैलांवरच्या माउंट होपलेस येथील वस्तीकडे जाण्याचा प्रयत्न केला. ओढा वाळूंत जिरून गेला आणि पुढच्या पाण्याचा पत्ता नसल्यामुळें तिघांस मागें फिरावें लागलें. पाणी पुढें कोठें आहे हें सांगणारीं माणसें रोज भेटत होतीं. यांद्रुवांधांनीं त्यांस मासे दिले, नार्डूच्या भाकऱ्या दिल्या. विल्स एकटा त्यांच्या वस्तीवर गेला कीं पोटभर खाऊन येई. पण बर्कच्या मनांत धास्ती अशी, कीं ह्या लोकांशीं सलगी केली तर ते सदोदित तळावर येऊन बसतील व सामान लांबवितील. किंगनें पुढें चौकशींत सांगितलें त्यावरून, एकदां त्यांनीं माशांचीं जाळीं पुढें केलीं असतां बर्कनें तीं त्यांच्या हातांतून झटकून पाडलीं आणि दुसऱ्या एका प्रसंगीं डोक्यावरून पिस्तुलाचा बार काढला. लोक दूर निघून गेले. मग ह्या तिघांनीं स्वतः नार्डू गोळा करण्यास आरंभ केला.

नार्डू हें पाणथळ जागीं उगवणारें नेच्याच्या जातीचें एक लहानसें रोप. त्याच्या कठीण बीजकोशांचें पीठ होतें. आपल्याकडे सुरण किंवा कडू वाल जसे नीट न शिजवितां खाल्ले तर बाधतात, तशी ह्यासहि एक रीत आहे. ह्या बीजकोशांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारें एक द्रव्य असतें. यांद्रुवांधा बायका तें भरपूर पाणी घालून वाटीत व पातळ लगदा करीत; त्यामुळें त्या द्रव्याचा जोर नाहींसा होई. बर्क-विल्सनीं पीठ पाहिलें, रीत पाहिली नाहीं. पोट भरे आणि पाय लुळे पडत जात. भूक भागते पण अंगीं शक्ति येत नाहीं, ह्याचें आश्चर्य विल्सनें आपल्या रोजनिशींत शेवटपर्यंत नोंदून ठेविलें आहे. त्यांस बेरीबेरीसारखा विकार जडला असावा, असें मत १९९४ मध्यें दोघां शास्त्रज्ञांनीं मांडलें. जूनच्या अखेरीच्या सुमारास दोघेहि गेले.

उरला किंग. त्यानें बर्कनें न केलेली साधी गोष्ट केली: तो यांद्रुवांधांच्या वस्तीवर गेला व तेथें राहिला. बंदुकीनें पाखरें मारून तो त्यांस देई. एका स्त्रीच्या हातास जखम झाली होती, ती त्यानें धुऊन औषध लावून बरी केली. त्या लोकांनीं त्यास आपल्यांतला म्हणून पोसलें. ता. १५ सप्टेंबर १८६१ रोजीं हॉविटच्या शोधपथकास तो सांपडला, तेव्हां हाडांचा सांपळा उरला होता, पण जिवंत होता. सात माणसें मेलेल्या त्या मोहिमेंतील आखाताच्या चौघां प्रवाशांपैकीं तोच एक परत आला, आणि तो ज्यांच्यामुळें आला त्यांचीं नांवें मेलबर्नच्या पुतळ्याखालीं नाहींत. हॉविटनें यांद्रुवांधांस उपकाराची फेड म्हणून छातीवर बांधण्याच्या पितळेच्या पट्ट्या वांटल्या. त्यांचा आपल्या भूमीवरील मूळ हक्क कायद्यानें मान्य झाला तो २०१५ मध्यें.

बर्कच्या नंतर एका वर्षानें जॉन मॅकडौल स्टुअर्ट हा स्कॉटिश गृहस्थ, थोडीं माणसें व घोडे घेऊन, डोहाडोहानें चांचपीत उत्तर समुद्रास पोंचला (जुलै १८६२). त्याच्या मार्गानें १८७० ते १८७२ ह्या दोन वर्षांत सुमारें दोन हजार मैलांची तार उभी राहिली. तारेचीं ठाणीं पाण्याशेजारीं पडलीं. ठाण्यामागून गुरें आलीं, आणि ज्या टांक्यांतून एक कुटुंब महिनाभर पाणी पिई तें गुरांचा कळप एका दुपारीं फस्त करूं लागला. पुढील कित्येक चकमकींचें मूळ एवढ्या एका वाक्यांत आहे.

आतां ह्या वाटांवर माल वाहिला कोणीं? १८६६ च्या आरंभीं टॉमस एल्डर ह्या धनिकानें कराचीहून सुमारें सव्वाशें उंट व तीसेक उंटवाले पोर्ट ऑगस्टा बंदरांत उतरविले. तेथून पुढील साठ वर्षें खाणी, ठाणीं, मेंढवाडे व रेल्वेचीं कामें ह्यांचें सारें ओझें उंटांच्या पाठीवर होतें. पीठ, तारेच्या खांबांचें लोखंड, पियानोसुद्धां! ह्या माणसांस सरसकट ‘अफगाण’ म्हणत. वस्तुतः त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पेशावरी सर्वच होते. नांवांचा हा घोटाळा करणाऱ्यांस ते कोठून आले ह्याची जिज्ञासा नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. मॅरी गांवांत त्यांची वस्ती रुळांच्या एका बाजूस व गोऱ्यांची दुसऱ्या बाजूस असे; मातीच्या भिंतींची लहानशी मशीद त्यांनीं तेथें बांधली होती. १९०१ च्या कायद्यानें नव्या लोकांस दार बंद झालें व १९०३ च्या कायद्यानें असलेल्यांस नागरिकत्व मिळण्याची वाट बुजली.

बेजाह दरवेश हा बलुची त्यांतलाच. हिंदुस्थानच्या फौजेंत नोकरी करून तो १८९० मध्यें ऑस्ट्रेलियांत उतरला. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेंत दोन माणसें तहानेनें मेलीं, पण बेजाहनें उंट वांचवून आणले. मोहिमेचा नायक लॉरेन्स वेल्स ह्यानें त्यास आपलें होकायंत्र भेट दिलें. १९३९ मध्यें प्रोफेसर मॅडिगन सिंप्सनचें वाळवंट ओलांडण्यास निघाले तेव्हां उंट हांकणाऱ्यांत बेजाहचा मुलगा होता, आणि म्हातारा मॅरीस राहून खजुराचीं झाडें जोपाशीत होता. १९२५ मध्यें दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारानें बेवारशी उंट मारण्यास मोकळीक देणारा कायदा केला; पुष्कळ उंटवाल्यांनीं आपलीं जनावरें मारूं देण्यापेक्षां रानांत सोडून दिलीं. आजच्या प्रवाशाच्या मोटारीपुढून जे रानटी उंट धांवत जातात, ते त्यांचेच वंशज.

तिसरा प्रकार सांखळीचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागांतील गुरांस गोचीड होते. त्यामुळें ती गुरें जहाजानें दक्षिणेस नेण्यास बंदी होती. कोरड्या वाळवंटांतून पायीं हांकीत आणलीं तर गोचीड वाटेंतच मरतील, असा विचार निघाला आणि वाट आंखण्याचें काम आल्फ्रेड कॅनिंग ह्या सर्वेयराकडे आलें. १९०६ सालीं तो निघाला तो बेड्या व सांखळ्या सामानांत घेऊनच. वाळवंटांतील मार्टू व इतर लोकांपैकीं कोणी दिसला कीं त्यास पकडावयाचें, रात्रीं झाडास जखडून ठेवावयाचें, आणि तहान लागल्यावर तो जेथें जाईल तेथें विहीर खणावयाची! पुढें त्याच्याच आचाऱ्यानें तक्रार केली आणि १९०८ मध्यें चौकशी बसली. कॅनिंगनें सांखळ्यांची गोष्ट नाकारली नाहीं. त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता, असें त्याच्या बाजूच्या साक्षीदारांचें म्हणणें पडलें व तो निर्दोष सुटला. १९१० पर्यंत हॉल्स क्रीक ते विलूना ह्या सुमारें ११५० मैलांत एक्कावन्न विहिरी झाल्या.

ह्या विहिरींपैकीं पुष्कळशा त्या लोकांच्या जुन्या पाणवठ्यांवरच खणलेल्या. पूर्वीं ओंजळीनें मिळणारें पाणी आतां लांकडी चौकटीच्या तळाशीं गेलें आणि जड लोखंडी पोहऱ्याखेरीज तें वर येईना. म्हणून त्या लोकांनीं कांहीं विहिरी मोडून टाकल्या. १९११ मध्यें गुरें हांकणारे कांहीं लोक मारले गेले. पुढें ह्या वाटेनें फार थोडे कळप गेले. वाट भ्यालेली राहिली. अशा कामगिरीस शौर्य म्हणण्याची आमची तयारी नाहीं. तरी कॅनिंगची चिकाटी व गणित अचूक होतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

मोटार आली ती ह्या सर्वांच्या खांद्यांवर चढून. हॅरी डटन व मरे ऑंगर ह्यांची टॅलबट मोटार १९०७ मध्यें टेनंट क्रीकच्या अलीकडे मोडली व ती तेथेंच टाकून त्यांस घोड्यांवरून परतावें लागलें. दुसऱ्या वर्षीं दुसरी टॅलबट घेऊन ते ता. ३० जून रोजीं ॲडलेडहून निघाले, वाटेंत जुनी दुरुस्त करून दोन्ही गाड्या हांकीत नेल्या, आणि ता. २० ऑगस्ट १९०८ रोजीं डार्विनला पोंचले. खंड मोटारीनें ओलांडल्याचा हा पहिला प्रसंग. त्यांची वाट तारेची, मुक्काम तारेच्या ठाण्यांचे. आणि त्या मध्यप्रदेशांत बहुतेक माल त्या काळीं उंटावरूनच येई.

पाण्याची पर्वा न करतां सरळ रेषेंत जाणारे रस्ते त्या खंडाच्या मध्यांत प्रथम झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनच्या क्षेपणास्त्रांची व अणुबाँबची चांचणी घेण्यासाठीं तेथें मोकळी जागा पाहिजे होती. लेन बीडेल ह्या सर्वेयरानें १९५५ ते १९५८ ह्या काळांत बंदुकीच्या नळीचें नांव असलेला ‘गनबॅरल’ रस्ता कापला. यंत्रें पुढें व पाण्याची गाडी मागें. बीडेल विनोदी लेखक होता व त्याचीं पुस्तकें प्रवासी आवडीनें वाचतात. मात्र ती जागा मोकळी नव्हती, ही गोष्ट सरकारी गस्तवाल्यांनींच त्या वेळीं वारंवार कळविली होती.

पाण्याचा कायदा त्यानें बदलला असें नाहीं. मॅरी ते बर्ड्सव्हिल ही सव्वातीनशें मैलांची वाट गुरें हांकण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चालू झाली; सरकारानें तिच्यावर खोल कूपनलिका पाडल्या, त्यांतून उकळतें पाणी वर येतें. ह्याच वाटेवर १९६३ च्या डिसेंबरांत पांच माणसांचें एक कुटुंब रस्ता चुकलें, तेल संपलें, मोटार सोडून तीं पाणी शोधीत निघालीं आणि पांचहि तहानेनें मेलीं. मोटार सोडूं नये हा नियम आज प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतो, तो अशा मृत्यूंमुळें.

कॅनिंगच्या वाटेनें विलूनाहून हॉल्स क्रीकपर्यंत संबंध मोटार प्रथम गेली ती १९६८ मध्यें. पुढें दरवर्षीं शेंकडों गाड्या जाऊं लागल्या. मध्येंच एका ठिकाणीं तेलाचीं पिंपें आगाऊ सांगून ठेवावीं लागत. मार्टू लोकांचा मूळ हक्क २००२ मध्यें न्यायालयानें मान्य केला. ह्या वाटेनें जाणाऱ्या प्रवाशानें त्या भूमीच्या हक्कदारांकडे अर्ज करून, पैसे भरून, परवाना घेतला पाहिजे, असा आतां नियम आहे. परवाना मिळाला तरी पाणी आपलें आपण न्यावें लागतें. एक्कावन्न विहिरींपैकीं कांहीं लोकांनीं पुन्हां बांधून काढल्या आहेत, बाकीच्या बऱ्याचशा ढांसळल्या किंवा खाऱ्या झाल्या आहेत.